भिमाचं लोखंड

माझ्या घरातल्या एका कपाटाला कुणी हात लावायचा नाही, एवढा एकच नियम मी केलेला आहे. बाकीचे सगळे नियम सौदामिनीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, आणि ते मी मुकाट पाळतो. त्या कपाटात तेवीस लोखंडी अशनी आहेत. अशनी म्हणजे वाटेत जळून न संपता जमिनीपर्यंत पोचलेली उल्का. बहुतेक अशनी दगडाचे असतात. माझे लोखंडाचे आहेत, कारण मी आयुष्यभर लोखंडच बघत आलो. शिरवळकडच्या एका ओतकाम कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. आलेला माल कापायचा, घासायचा, आम्लात बुडवायचा आणि भिंगाखाली बघून पास की नापास ते सांगायचं. नापास सांगताना मला कधी वाईट वाटलं नाही. कुणीतरी सांगायलाच हवं.

हे तेवीसही तुकडे वाळवंटातले आहेत. आभाळातलं लोखंड काही वाळवंट बघून पडत नाही, ते आपल्या भोरातही पडत असणार. पण इथल्या पावसात भिंतीतला खिळा दोन वर्षांत गंजून गळतो, तिथं त्याची काय कथा. वाळवंटात पाऊस नाही, गवत नाही, फिक्या वाळूवर काळा ठिपका लांबून दिसतो. म्हणून ते तिथं टिकतं आणि सापडतं. ते भोरला आणून टिकवायचं म्हणजे एक नोकरीच आहे. जून ते ऑक्टोबर त्या कपाटात एक बल्ब जळत असतो. प्रत्येक तुकडा हवाबंद डबीत, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या, आणि बाहेर काढायचा तर हातात सुती मोजे. बोटाचा घाम लागला तरी आठवड्यात तांबूस ठसा उठतो. आमच्या नातीनं, शुभ्रानं, एकदा ओल्या हातानं एक तुकडा उचलला होता. मी इतका ओरडलो की पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

यातला एकही तुकडा मी स्वतः शोधलेला नाही. काही विकत घेतले, काही दुसऱ्या छांदिष्टांशी बदलून घेतले. राजस्थानात तीनदा गेलो, काठीच्या टोकाला चुंबक बांधून उन्हात वाळू तुडवली. मिळालं काय, तर बैलाचा एक नाल, कुदळीचं मोडकं टोक आणि ट्रॅक्टरचा बोल्ट. तो बोल्ट सौदामिनी अजून आल्यागेल्याला दाखवते. हे सगळं सांगितल्याशिवाय भिमाशी मी असा का वागलो ते कळणार नाही. सांगूनही ते चांगलं दिसत नाही, ते वेगळं.

बारा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मी जेवायला बसलो होतो. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या सौदामिनीनं तुपावर खरपूस भाजल्या होत्या. दारात दोन माणसं उभी राहिली. एकाच्या खांद्यावर गोणपाटात बांधलेलं ओझं. तो भिमा, वेल्ह्याच्या पलीकडच्या पासलीचा. दुसरा त्याचा शेजारी चिमाजी, जो नुसता सोबत आला होता.

"साहेब, तुमी आभाळातलं लोखंड वळखता म्हणं," भिमा म्हणाला. "म्या आखातात नऊ वर्षं रस्त्याच्या कामावर व्हतो. ग्रेडर चालवायचो. वाळूत पात्याला हे लागलं. आसपास चार-पाच कोस गाव न्हाई, गाडी न्हाई, दगूडसुदिक न्हाई. मंग हे आलं कुठनं? हे वरनंच पडलंय."

सगळ्यांनी परत येताना सोनं आणलं, टीव्ही आणला, गोधड्यांएवढी ब्लँकेटं आणली. यानं विमानाच्या सामानात अकरा किलोचा लोखंडाचा गोळा आणला होता.

मी ताटावरून उठलो नाही. भिमानं गोणपाट सोडून गोळा उंबऱ्यापाशी ठेवला, तो मी बसल्या जागेवरून पाहिला. आमच्याकडे खंडे नवमीला घरातलं सगळं लोखंड, विळे, कोयते, पहार, नांगराचा फाळ, घासूनपुसून पाटावर मांडतात आणि हळदकुंकू वाहतात. भिमाच्या बायकोनं, साळूबाईनं, हा गोळाही त्यात घेतला होता. तीन वर्षं दर नवमीला चिंच आणि राख लावून काथ्यानं घासला होता, वर गोडं तेल. आभाळातून येताना लोखंडावर जी काळी साय धरते, तिचा मागमूस उरला नव्हता. शिवाय साळूबाईला त्याचा विळा हवा होता, म्हणून एक कोपरा लोहाराकडे भट्टीत घालून ठोकला होता. लोहारानं शेवटी हात टेकले, पण कोपऱ्यावर घणाचे घाव तसेच होते. मला दिसली ती चकाकी आणि घणाचे घाव. कणकेच्या गोळ्यात अंगठा दाबावा तसे त्याच्यावर खळगे होते, ती आभाळातून आल्याची खूण असते. पण त्या खळग्यांत कुंकू भरलेलं होतं आणि मी उठून ते पुसलं नाही.

"भट्टीचा माल आहे," मी म्हणालो.

"चुंबक चिकटतंया, साहेब."

"चुंबक आमच्या तव्यालाही चिकटतं." मग मला विनोद सुचला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "भिमा, हे वरून पडलं असेल ना, तर वर कुणीतरी लोहार भाता घेऊन बसला असणार."

चिमाजी खो खो हसला. मीही हसलो. भिमा हसला नाही. त्यानं गोळा परत गोणपाटात बांधला, "बरं, येतो साहेब" म्हणाला आणि गेला. मी पोळी संपवली.

यंदा गणपती उठले त्या आठवड्यात एक मुलगी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल. पाठीवरची सॅक तिनं जपून उतरवली, तरी फरशीवर टेकताना जो आवाज झाला त्यावरून आत लोखंड आहे ते मला कळलं.

"काका, मी प्रेरणा. पासलीच्या भिमाची मुलगी. इथं भोरला वकिलांकडे टायपिंगचं काम करते." तिनं सॅकची चेन उघडली. "हे पुन्हा एकदा बघा. तुमचं जेवण झाल्यावर बघा."

त्या शेवटच्या वाक्यानं मी गार झालो. म्हणजे गोष्ट अख्खी पोचली होती, ताटासकट.

ती रागानं बोलत नव्हती. कामाचा कागद वाचून दाखवावा तशी सांगत गेली. चिमाजीनं तो विनोद त्याच संध्याकाळी देवळापुढच्या पारावर सांगितला होता. आठवडाभरात भिमाचं नाव 'आभाळ्या' पडलं. ग्रामसभेत तो काही बोलायला उठला की मागून कुणीतरी म्हणायचं, वरच्या लोहाराला विचार. शाळेत हिला आभाळ्याची म्हणायचे. भिमा आधी भांडला, मग भांडायचा थांबला, मग पारावर बसायचाच थांबला. गोळा त्यानं नवमीच्या पाटावरून काढला. ज्याच्यावर लोक हसतात ते देवापुढं कशाला, म्हणाला. भातलावणीच्या आधी खाचरातला चिखल सपाट करायला बैलामागं फळी ओढतात, त्या फळीवर वजन म्हणून त्यानं तो दोरानं बांधला. बारा पावसाळे तो गोळा चिखलातून फिरला.

"आता घर पाडून नवीन बांधतोय," प्रेरणा म्हणाली. "भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. आबांनी जुने पत्रे दिले, गज दिले आणि हेही काट्यावर ठेवलं. मी त्या माणसाला बाजूला घेऊन काढून घेतलं. आबांना वाटतंय, गेलं."

"आणि हे खरंच भट्टीचं निघालं तर?"

"तर मी स्वतः भंगारात देईन. पण या वेळी नीट बघून सांगा. आबा कसेही असोत, खोटं बोलत नाहीत."

मी मोजे घातले नाहीत. गोळा गंजलेला होता, जळक्या ऑइलनं माखलेला, दोराच्या जागी घासून लख्ख झालेला. कानशीनं एक कोपरा खरवडला. कापसाच्या बोळ्यावर दोन बाटल्यांतले दोन-दोन थेंब टाकले आणि तिथं दाबून धरला. लोखंडात निकेल असेल तर बोळा गुलाबी होतो. आभाळातल्या लोखंडात ते नेहमी असतं, साध्या ओतीव लोखंडात जवळजवळ नसतंच. मिनिटभरात बोळा गुलाबी झाला, गुलाबाच्या सरबताएवढा.

सौदामिनी दारात उभी होती. "ही बाटली तेव्हाही घरात होती ना हो?"

"होती."

"मग?"

"जेवत होतो."

"जेवण एवढं होतं का? तुम्ही जळत होतात. तीनदा वाळवंट तुडवून तुम्हाला बोल्ट मिळाला, आणि त्या माणसाला रस्ता करता करता हे मिळालं. मला तेव्हाच दिसलं होतं. बोलले नाही, चूक झाली."

बायको इतकी वर्षं आपल्याला ओळखून असते हे फार वाईट. तिनं म्हटलं तेच खरं होतं. भिमा उंबऱ्यात उभा होता तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता, आणि त्या हेव्याला मी माझं ज्ञान समजलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या दारात कळसा आणून ठेवला होता आणि मी त्याला लाथ मारली होती.

तरी खात्री व्हायची होती. निकेल घातलेलं पोलाद कारखान्यातही बनतं. कापून, घासून, आम्ल लावल्याशिवाय मी हो म्हणणार नव्हतो. एकदा न बघता नाही म्हटलं, आता न बघता हो म्हणणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू झाली असती. आणि मालकाला विचारल्याशिवाय कापणार नव्हतो. हे ऐकल्यावर प्रेरणाचा चेहरा उतरला. आबांना कळेल, म्हणाली. मी म्हटलं, कळायलाच हवं.

रविवारी प्रेरणा आणि मी एसटीनं निघालो. नसरापुरावरून वेल्ह्याला, तिथून पुढच्या गाडीनं पासलीला. तिच्या सॅकमधला गोळा माझ्या मांडीवर होता. तालुक्याचं नाव आता बदललंय, पण कंडक्टर अजून वेल्हेच म्हणतो आणि लोकही. खाचरांत भात पोटरीला आला होता.

नव्या घराचं जोतं झालं होतं, तोवर ती मंडळी शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. भिमा विटांवर पाणी मारत होता. केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं, सॅकही ओळखली. मुलीकडे एकदा पाहिलं आणि नळी खाली ठेवली.

"साळे, पाव्हण्यांना च्या ठेव," एवढंच म्हणाला.

मी आडपडदा ठेवला नाही. "भिमा, त्या दिवशी मी हे नीट बघितलं नाही. बघायला हवं होतं. आता थोडं बघितलंय. आभाळातलं असेल असं वाटतं, पण नक्की सांगायचं तर कापावं लागेल. तुझी परवानगी हवी."

साळूबाई चुलीपुढून उठून आली. "कापू द्या की. इतकी वर्सं चिकलात वढलं त्येला, आता कापल्यानं काय व्हतंया?"

"एकडाव हसं झालं त्येवडं लई झालं," भिमा म्हणाला. "साहेब, म्या त्या दिवशी तुमच्याकडं का आलो ठावं हाय? मला पैका नको व्हता. म्या गावात सांगून बसलो व्हतो, वरनं पडलंय म्हणून. कुणी खोटं म्हणत न्हवतं, कुणी खरं म्हणत न्हवतं. म्हटलं, शिकल्याला मानूस सांगंल. आन तुमी सांगितलं."

"हो."

"तुमी तुमच्या घरात सांगितलं. गावानं चिमाजीच्या तोंडून ऐकलं. माजं म्हणणं कुणी ऐकलंच न्हाई." त्यानं गोळ्यावर हात ठेवला. "कापा. पर काय निगंल ते तुमी सोता हितं यिऊन सांगायचं. पारावर, चिमाजीपुडं. भट्टीचं निगालं तरी सांगायचं. खोटं पडलो तर म्या सोताच्या कानानं ऐकीन."

मी हो म्हटलं. चहा घेतला. साळूबाईनं विचारलं, कापल्यावर कसं ठेवायचं. मी सवयीनं सुरू झालो: पाण्याचा थेंब लागता कामा नये, ओलं बोट लागता कामा नये, डब्यात ठेवायचं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तान्ह्या पोराचंबी इतकं करीत न्हाईत."

वरव्याला एक ओळखीचं वर्कशॉप आहे. तिथला पप्पू पट्टीच्या करवतीवर लोखंडाचे गज कापतो. त्यानं गोळा शिकंज्यात धरला, नेहमीचं पाण्याचं मिश्रण सोडायला गेला तसा मी ओरडलो. पाणी नाही, तेल. मग तेल घालत घालत, माझ्या सूचना ऐकत त्यानं दोन तास करवत चालवली. मध्ये एक पट्टी तुटली.

"साहेब, हे कुठल्या कंपनीचं मटेरियल म्हणायचं?"

"तेच शोधतोय."

करवतीखाली पडलेला चुरा मी कागदावर गोळा करून बाटलीत भरला. पप्पूला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. गोळ्याचे दोन भाग झाले, एक मोठा, एक वाटीएवढा. आतून दोन्ही नुसते करडे, गुळगुळीत. अजून काहीच दिसत नव्हतं आणि मला ते माहीत असूनही धाकधूक होती.

आठ दिवस मी मोठ्या भागाचं कापलेलं तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं. आधी खरखरीत, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटी त्यात माझा चेहरा दिसायला लागला, ज्याची मला त्या दिवसांत फारशी आवड नव्हती. मग एका दुपारी, जेवण झाल्यावर, स्पिरिटमध्ये आम्ल मिसळून ब्रशनं त्या तोंडावर फिरवलं. हे काम मी कारखान्यात हजारो वेळा केलं होतं.

पहिलं अर्धं मिनिट काही नाही. मग एक रेघ, तिला समांतर दुसरी. मग तिरक्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या आणखी तिरक्या. रुपेरी पट्ट्या एकमेकींवरून-खालून गेल्यासारख्या, सगळं तोंड भरून. एका कोपऱ्यात मात्र रेघा वाकड्या झाल्या होत्या, पुसट झाल्या होत्या. तो कोपरा लोहारानं तापवून ठोकलेला. त्याच्या घणाची सहीच तिथं राहिली होती.

मी खाली बसलो. अशा पट्ट्या उठायला लोखंड इतकं सावकाश निवावं लागतं की लाख लाख वर्षांत जेमतेम थोडंसं. जगातली कुठलीही भट्टी तेवढा वेळ थांबू शकत नाही. तीस वर्षं भट्टीचा माल बघितलेल्या माणसानं याला भट्टीचा माल म्हटलं होतं. सौदामिनी आली, तिनं पाहिलं आणि मला पाणी आणून दिलं. माझे डोळे भरून आले होते, ते आनंदानं की लाजेनं, मला सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही होतं.

खोटं कशाला सांगू, मला तो तुकडा हवा होता. माझ्या तेवीसांत इतकं सुरेख तोंड एकाचंही नाही. रात्रंदिवस तो टेबलावर होता आणि मी मनात त्याची डबीसुद्धा मापून ठेवली होती. प्रेरणानं विचारलं असतं, काका ठेवता का, तर नाही म्हणायला मला फार जड गेलं असतं. तिनं विचारलं नाही.

खंडे नवमीच्या दिवशी सकाळी मी पासलीला उतरलो. या वेळी सौदामिनीही होती. पारावर दहा-पंधरा माणसं होती, चिमाजी मधोमध, जाडजूड झालेला. भिमा कडेला उभा होता. बारा वर्षांनी पारावर आला होता, पण बसला नव्हता.

मी भाषण ठरवून आलो होतो, ते विसरलो. "मंडळी, बारा वर्षांपूर्वी भिमा माझ्याकडे आला होता. मी जेवत होतो. मी ताटावरून उठलो नाही, परीक्षा केली नाही आणि भट्टीचा माल म्हणून सांगितलं. वर त्याची थट्टा केली. ती थट्टा तुम्ही सगळ्यांनी ऐकलीय. आज हे बघा."

कापड सोडून तोंड उन्हात धरलं. पट्ट्या लखलखल्या. माणसं पुढे झाली.

"हे आभाळातून पडलेलं आहे. वर कुणी लोहार नाही, आणि खाली कुठल्याही लोहाराला हे जमणार नाही. भिमा खरं बोलत होता. खोटा मी होतो."

चिमाजी डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी इतकी वर्सं म्या जे सांगत बसलो..."

"ते माझं होतं. तुझं नव्हतं."

"तरीबी," चिमाजी म्हणाला. त्यानं सरकून आपल्या शेजारची जागा मोकळी केली. "भिमाभाऊ, बस की. सापडलं कसं ते तरी सांग. कंदी नीट ऐकलंच न्हाई."

भिमा बसला. पात्याला ते कसं वाजलं, त्यानं इंजिन कसं बंद केलं, वाळूत एकटाच उकिडवा बसून वर आभाळाकडे कसा बघत राहिला, सगळं त्यानं सांगितलं. हळू सांगितलं, पण एकही गोष्ट गाळली नाही. मध्ये कुणी हसलं नाही. प्रेरणा पाराच्या कडेला उभी राहून ऐकत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती.

मग घरी गेलो. नव्या जोत्यावर साळूबाईनं सारवून पाट मांडला होता. त्यावर विळे, कोयते, पहार, कुदळ, फाळ आणि भिमाची गवंडीकामाची थापी. झेंडूची फुलं. मधे जागा ठेवली होती. भिमानं दोन्ही तुकडे माझ्याकडून घेतले आणि तिथं ठेवले. मोठ्याचं घासलेलं तोंड वर होतं.

साळूबाई वाकून बघत होती. "सूप इणल्यागत हाय की वो," ती म्हणाली. मग भिमाकडे वळून, "आता हे पाटावर चालतंया न्हवं?"

"आभाळातनं पडलं म्हणून न्हाई," भिमा म्हणाला. "बारा वर्सं फळीवर राबलंय, म्हणून."

त्यानं मला विचारलं, "साहेब, तुमच्या कपाटात न्ह्यायचं आसंल तुमाला."

"नाही," मी म्हणालो. म्हणायला जड गेलं, पण म्हणालो. "ते तुझ्या घरचं आहे. करवतीखाली पडलेला चुरा मात्र मी बाटलीत ठेवलाय. तू हो म्हणालास तर तेवढा ठेवीन. वर चिठ्ठी लावीन, कुणाला सापडलं त्याची."

"ठेवा की. त्येला काय."

साळूबाईनं कुंकवाची वाटी पुढे केली. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं, चांगलं ओलं. ती भिमाला देणार असं मला वाटलं, पण तिनं वाटी माझ्यापुढे धरली. "तुमीच लावा. पयल्यांदा तुमीच."

सौदामिनी माझ्याकडे बघत होती. मोजे माझ्या खिशात होते. आठ दिवसांची मेहनत माझ्यापुढे उन्हात चमकत होती, त्यावर अजून गंज रोखणारा लेपसुद्धा दिलेला नव्हता. मी ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि त्या तोंडावर बरोबर मधोमध टेकवलं. पाणी त्या रेघांतून पसरलं. मग हळद लावली, अक्षता वाहिल्या, नमस्कार केला.

भिमा ते बारकाईनं बघत होता. "साहेब, पाण्यानं गंजंल न्हवं? तुमीच म्हणाला व्हता."

"गंजेल," मी म्हणालो. "गंजू दे. पुढच्या नवमीच्या आधी आठ दिवस येतो. पुन्हा घासून देतो."

"दर वर्साला?"

"दर वर्षाला."

भिमानं चटई झटकली आणि पाटाशेजारी माझ्यासाठी टाकली. "मंग बसा आता," तो म्हणाला, "जेवूनच जावा."